तिसऱ्या गेल्या, गोळे आले

गोव्यातल्या दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था यंदा १ जानेवारीला साठ वर्षांची झाली. साठी म्हटलं की भाषणं आली, शाल-श्रीफळ आलं. या संस्थेचं ‘महासागर’ नावाचं एक त्रैमासिक होतं. १९६८ साली सुरू झालं, नव्वदीच्या सुरुवातीला बंद पडलं. त्याची आठवण त्या दिवशी कुणी काढली असेल, असं मला वाटत नाही.

मला ती येण्याचं कारण वेगळं. गेल्या वर्षी १ जानेवारीपासून सरकारनं ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू केलं. तीन वर्षांना ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. पोरांना वाचायला मिळणार म्हणून टाळ्या वाजल्या, वाजू देत. पण पैसा आपला, दुकानं बहुतेक परदेशी, आणि त्या दुकानांतला बराचसा माल आपल्याच माणसांनी आपल्याच बोटींवर उलट्या करत गोळा केलेला. तो आता आपणच घाऊक भावानं विकत घेणार.

बेलापुरात प्रवरेकाठी बसून समुद्राच्या नियतकालिकांचा जमाखर्च मांडणारा माणूस विक्षिप्तच म्हणायचा. पण ‘इंडियन जर्नल ऑफ मरीन सायन्सेस’ १९७२ पासून निघत आलं ते दिल्लीतून. तिथून तरी कुठं लाटा दिसत होत्या!

या दोन नियतकालिकांची सुरुवातीची वर्षं मी भराभर उलटतो. साठच्या दशकात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली, तिच्यातून ही संस्था उभी राहिली, डॉ. एन. के. पणिक्कर पहिले संचालक झाले. त्या काळचे अंक म्हणजे प्लवकांच्या याद्या. अमुक ठिकाणी अमुक जाळं टाकलं, तमुक जाती मिळाल्या. काम महत्त्वाचं, वाचन कंटाळवाणं.

सत्तरी संपता संपता मात्र अंकांत जीव आला. मांडवी-जुवारीच्या मुखातला खारेपणा पावसाळ्यात कसा उतरतो, गोव्याच्या किनाऱ्यावर डांबराचे गोळे कुठून येतात, तराफ्याला दोर बांधून शिणाणे हे शिंपले वाढवता येतील का, असे प्रश्न. ज्याच्या घरामागं खाडी आहे त्याला थेट लागू पडणारे. मी तेव्हा रत्नागिरीकडं संशोधक विद्यार्थी होतो. विषय तिसऱ्या, म्हणजे खाडीच्या चिखलातले शिंपले. ओहोटीला गुडघाभर चिखलात लाकडी चौकट टाकायची, आतल्या तिसऱ्या मोजायच्या, व्हर्निअर कॅलिपरनं लांबी घ्यायची, मग शिंपला उघडून अंडी कुठवर तयार झालीत ते पाहायचं. नगर जिल्ह्यातल्या माळकरी घरातला मुलगा हे काय करतो, हे आईला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

खरी मेहनत खोलीवर आल्यावर सुरू व्हायची. आलेख ट्रेसिंग पेपरवर रोट्रिंगच्या पेनानं काढायचे. अक्षरं लेट्रासेटच्या तावावरून घासून उतरवायची. निबंध इंग्रजीत, त्यामुळं त्या तावातला ‘ई’ सगळ्यांत आधी संपायचा. मग ‘एफ’ला खालची रेघ जोडून वेळ भागवायची. हस्तलिखिताच्या तीन प्रती टपालानं दिल्लीला जात, परीक्षकांच्या खुणा घेऊन परत येत, पुन्हा जात. वर्ष-दीड वर्ष सहज लागे. पण परीक्षक ओळ न् ओळ वाचत. माझ्या एका तक्त्यातली बेरीज एकानं स्वतः करून पाहिली होती.

निबंध छापून आला तेव्हा पहिलं नाव मार्गदर्शकांचं, दुसरं कधी खाडीत पाय न घातलेल्या एका साहेबांचं आणि तिसरं माझं. पुढं पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, सोव्हिएत रशियातून छापील कार्डं येत, ‘आपल्या निबंधाची प्रत पाठवावी’. कार्डं साहेबांच्या नावानं येत आणि प्रती पाकिटात घालायचं काम माझ्याकडं. तिकिटं मी काढून घेत असे. त्या संशोधनातून माझ्या पदरात पडलेलं मानधन ते तेवढंच.

ऐंशीच्या दशकात वारं फिरलं. ‘गवेषणी’ हे आपलं जहाज मुळात गाळ वाहणाऱ्या बार्जचं रूपांतर करून बनवलेलं. त्यावरून २६ जानेवारी १९८१ रोजी हिंदी महासागराच्या तळातून धातूचे गोळे वर काढले गेले. मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट पोटात असलेले. त्याच वर्षी महासागर विकास विभाग स्थापन झाला. डिसेंबरात डॉ. एस. झेड. कासिम एकवीस जणांचं पथक घेऊन गोव्याहून अंटार्क्टिकाला निघाले आणि ९ जानेवारी १९८२ ला बर्फावर उतरले. १९८३ मध्ये पश्चिम जर्मनीत बांधलेली ‘सागरकन्या’ आली, १९८७ मध्ये तळाचं दीड लाख चौरस किलोमीटरचं क्षेत्र आपल्या नावावर झालं. छाती फुगावी अशीच गोष्ट होती आणि माझीही फुगली. पण अंक हाती घ्यावा तर पानंच्या पानं गोळ्यांची रसायनं आणि बर्फाखालचे जीवाणू. तिसऱ्या मागच्या पानांवर गेल्या, मग दिसेनाशा झाल्या. चाळीसहून अधिक वर्षं लोटली, त्या गोळ्यांतलं किलोभर निकेलही बाजारात आलेलं नाही. तिसऱ्यांचा वाटा मात्र केवढ्याला मिळतो ते रत्नागिरीच्या बाजारात विचारून बघा.

तरी गोळ्यांवरचं लिखाण निदान आपल्याच अंकांतून येत होतं. घाव बसला तो फिलाडेल्फियाच्या यूजीन गारफिल्डच्या आकड्याचा, इम्पॅक्ट फॅक्टरचा. ग्रंथपालानं कोणतं नियतकालिक घ्यावं हे ठरवण्याच्या कामी येणारा हा आकडा. आपल्याकडं तो बढतीच्या फायलीत शिरला. घरच्या अंकात छापलं तर गुण थोडे, बाहेर छापलं तर जास्त. मग कोण वेडा घरी छापेल? ‘महासागर’ मिटलं त्याला कारणं बरीच असतील. माझ्या लेखी हे पहिलं.

बाहेर गेलेलं काम अस्सल होतं, हे कबूल करायलाच हवं. शेणॉय, शंकर आणि सतीश शेट्ये यांनी १९९९ मध्ये दाखवलं की हिवाळ्यात बंगालच्या उपसागराचं कमी खारं पाणी लक्षद्वीपच्या समुद्रात येऊन वर तरंगतं, खालच्या पाण्यात सहज मिसळत नाही आणि मोसमी पावसाच्या आधी तिथं पाणी भलतं तापतं. जूनच्या पावसाकडं डोळे लावून बसलेल्या बेलापूरच्या ऊसवाल्याला याहून जवळची बातमी कोणती? छापली गेली अमेरिकेतल्या ‘जर्नल ऑफ जिओफिजिकल रिसर्च’मध्ये. वाजिह नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली पश्चिम किनाऱ्याजवळच्या उथळ समुद्रात प्राणवायू कसा संपतो, त्यातून नायट्रस ऑक्साइड कसा सुटतो हे मांडलं. जमिनीवरून उतरणारं खतांचं नायट्रोजन त्यामागं असू शकतं, असंही सुचवलं. ते लंडनच्या ‘नेचर’मध्ये. गोणीनं युरिया ओतणाऱ्यांपर्यंत ते आजही मराठीत पोचलेलं नाही.

पुढची वर्षं लिहायचा कंटाळा येतो. दिल्लीच्या नियतकालिकानं २०१० मध्ये नावात ‘जिओ’ घातलं, पुढं ते मासिक झालं, परदेशातून येणाऱ्या निबंधांनी पानं भरू लागली. त्याच सुमारास यूजीसीनं प्राध्यापकांना निबंधांचे गुण मोजायला लावले आणि ‘सात दिवसांत छापून देतो’ म्हणणाऱ्यांचं पीक आलं. त्यावर उतारा म्हणून मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी काढली. गेल्या वर्षी तीही रद्द केली. दिल्लीचं जर्नल या सगळ्यात कसंबसं उभं आहे, आणि कुणालाही फुकट वाचता येतं. फुकट म्हणूनच बहुधा किंमत नाही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी कोकणात शिकवते. मी जिथं चौकटी टाकल्या त्याच खाडीत तिनं पुन्हा तिसऱ्या मोजल्या. मी म्हटलं, दिल्लीला पाठव. ती म्हणाली, “सर, आमच्याकडं क्यू-वनखाली कुणी विचारत नाही.” क्यू-वन म्हणजे नियतकालिकांच्या उतरंडीतला वरचा चतुर्थांश. मग तिनं निबंध बाहेर पाठवला. परीक्षकानं शेरा मारला, एका खाडीच्या शिंपल्यांत आंतरराष्ट्रीय वाचकाला काय रस? तिनं शीर्षकातून खाडीचं नाव काढलं, ‘उष्ण कटिबंधातील एक नदीमुख’ असं घातलं आणि निबंध स्वीकारला गेला. तिसऱ्या काढणाऱ्या बायकांबद्दलचा परिच्छेदही परीक्षकाच्या सूचनेवरून गाळला आहे. तो निबंध आता राष्ट्राच्या वर्गणीतून वाचायला मिळेल, त्या परिच्छेदाशिवाय.