गोळी सुटल्यानंतरचा दशांश सेकंद

मुलुखमैदान तोफ आज विजापूरच्या बुरुजावर दिसते, पण त्याआधी ती परांड्याच्या किल्ल्यात होती. 1549 मध्ये अहमदनगरात रूमी खानाने ती ओतली. निजामशाहीने ती परांड्यात ठेवली आणि 1632 मध्ये मुरार जगदेवाने ती विजापूरला नेली. वजन सुमारे 55 टन. असली तोफ एकदा डागली, की पुढच्या बारापर्यंतची सगळी कामं माणसांच्या अंगावर पडत. ओल्या बोळ्याने नळी पुसायची, कारण आत एखादी ठिणगी धुमसत राहिली तर दारू भरणाऱ्याचाच घात. मग दारू, मग गोळा, मग गजाने ठासणं, कानात रंजक आणि शेवटी बत्ती.

आता परांड्याच्याच जिल्ह्यात तीन शतकं पुढे या. 13 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थानाविरुद्धची पोलीस कारवाई सुरू झाली आणि सोलापूरकडून निघालेल्या भारतीय फौजेने पहिल्याच दिवशी नळदुर्ग ताब्यात घेतलं. तेव्हाच्या भारतीय जवानाची नेहमीची रायफल होती .303 ची, बोल्टवाली. परांड्यात ज्या कामाला गोलंदाजांची टोळी लागायची, ते काम इथे एका माणसाच्या उजव्या हातावर आलं. मूठ वर, मागे, पुढे, खाली. रिकामं काडतूस बाहेर, नवं आत.

आणि 1962 च्या युद्धानंतर भारतीय सैन्यात आलेल्या, पुढे पोलिसांच्याही खांद्यावर दिसू लागलेल्या एसएलआरमध्ये तो हातही सुटला. सेल्फ लोडिंग रायफल. घोडा एकदा दाबला की एकच गोळी सुटते, पण पुढच्या गोळीची सगळी तयारी रायफल स्वतः करते. कुलूप उघडायचं, तापलेलं काडतूस ओढायचं, ते बाहेर फेकायचं, हॅमर मागे चढवायचा, मॅगझिनमधून नवी गोळी उचलायची, ती चेंबरमध्ये सारायची आणि पुन्हा कुलूप लावायचं. हे सगळं सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात उरकतं. डोळ्याची पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागू शकतो.

या कामाला लागणारी ताकद येते कुठून? गोळीला ढकलणाऱ्या वायूतूनच. 1889 च्या सुमारास अमेरिकेत जॉन ब्राउनिंग नेमबाजी करत असताना त्याच्या लक्षात आलं, की प्रत्येक बाराबरोबर नळीसमोरचं गवत वाकतं. म्हणजे गोळी निघून गेल्यावरही वायूत जोर शिल्लक असतो आणि तो फुकट जातो. त्याने तो जोर कामाला लावला. एसएलआरच्या नळीत साधारण मध्यावर एक बारीक छिद्र असतं. गोळी ते ओलांडते आणि तिच्या मागचा वायू छिद्रातून वर शिरून पिस्टनला धडक देतो. गोळी छिद्रापुढून जाते आणि तोंडातून बाहेर पडते, या दोन घटनांमध्ये सेकंदाचा हजारावा भागसुद्धा नसतो. गोळी बाहेर पडली की नळीतला दाब कोसळतो. पुढच्या सगळ्या हालचालींची शिदोरी रायफलला त्या निमिषात मिळवावी लागते.

त्यातही घाई करून चालत नाही. बार होताना चेंबरमधला दाब वातावरणाच्या तीन हजारपटींहून जास्त असतो. काडतुसाचं पितळ, म्हणजे सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त, त्या दाबाने फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटतं. म्हणून तर वायू मागे, नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येत नाही. दाब उतरला की तेच पितळ किंचित आकसतं आणि भिंत सोडतं. कुलूप त्याआधी उघडलं तर चिकटलेलं काडतूस फाटेल. म्हणून पिस्टनचा धक्का बसल्यावर, चेंबर मागून बंद करणाऱ्या ब्रीच ब्लॉकचा वाहक आधी काही मिलिमीटर नुसताच मागे सरकतो आणि मगच ब्लॉकचा मागचा भाग उचलून कुलूप सोडवतो. दाब खाली यायला तेवढी सवड पुरते. एखाद्या इंजिनिअरने कागदावर आखलेली ही काही मिलिमीटरची मोकळी धाव मला या रायफलमधली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

आता ही साखळी तुटली तर? लष्करात आणि एनसीसीत या विषयाचा धडा ठरलेला असतो: रायफलची चाल, तिच्यात पडणाऱ्या रोका, म्हणजे अडथळे, आणि त्यांवरचा फौरी, म्हणजे तातडीचा इलाज. क्रमही अर्थपूर्ण आहे. चाल माहीत नसेल, तर रोक कुठे पडली हे कळणार कसं? अडकलेली रायफल ज्या टप्प्यावर थांबली, त्या टप्प्याचा पुरावा हातात ठेवूनच थांबते. नळी सुरक्षित दिशेला, मॅगझिन बाहेर, चेंबर डोळ्यांनी पाहिलेलं, एवढं झालं की जाणकार आर्मोरर आधी तो पुरावा वाचतो.

रिकामं काडतूस निघालं, पण बाहेर पडण्याच्या खिडकीत उभंच अडकलं. किंवा ते नीट फेकलं गेलं, पण नवी गोळी उचललीच गेली नाही. याचा अर्थ, वाहक पुरेसा मागे आला नाही. वायू कमी पडला, छिद्रात काजळी धरली, सरकणारे भाग कोरडे किंवा मळलेले आहेत, नाहीतर दारूगोळाच कमजोर आहे. उलट, काडतुसं लांब भिरकावली जात असतील आणि त्यांच्या बुडाची कड ओरबाडलेली असेल, तर वायू जास्त होतोय. ओढणारा एक्सट्रॅक्टर पितळ सैल व्हायच्या आतच हिसका देतोय.

रिकामं काडतूस चेंबरमध्येच राहिलं आणि मागून आलेल्या नव्या गोळीचं नाक त्याच्या बुडावर आपटलं, तर संशय दोघांवर: खरखरीत किंवा मळकट झालेलं चेंबर, नाहीतर तुटक्या नखाचा एक्सट्रॅक्टर. पुलथ्रूला चिंदी लावून नळी लखलखीत केली जाते, पण चेंबरचा कोपरा तसाच राहतो, हे नेहमीचंच. नव्या गोळीचं नाकच चेपलं असेल, तर मॅगझिनचे ओठ वाकलेत का, आतली स्प्रिंग थकली आहे का, ते पाहायचं. मॅगझिनवर खुणा करून ठेवल्या असतील तर हा गुन्हेगार पटकन सापडतो, कारण रोक रायफलबरोबर न फिरता त्या एकाच मॅगझिनबरोबर फिरते. आणि काडतुसाच्या बुडातल्या टोपीवर फायरिंग पिनची खूण पुसटशीच उमटली, तर कुलूप पूर्ण बसलं होतं का, हा पहिला प्रश्न.

या सगळ्यात एकच शिस्त पाळायची असते: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मॅगझिन, तेल आणि गॅस तिन्ही एकदम बदलले आणि रायफल चालू लागली, तर कोणत्या औषधाने गुण आला हे कधीच कळणार नाही.

गॅस बदलायचा म्हणजे काय, हे एसएलआरमध्ये पाहण्यासारखं आहे. पिस्टनभोवती एक फिरतं कडं असतं, गॅस रेग्युलेटर. ते वायूला बाहेर जायची वाट कमी-जास्त करतं. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. ठिबकच्या सुरुवातीला असलेला बायपासचा कॉक उघडला की पाणी परत विहिरीत पडतं आणि नळ्यांमधला दाब उतरतो. कॉक बंद करत नेला की दाब चढतो. कडंही तसंच. उघडलं तर जादा वायू हवेत, मिटलं तर पिस्टनवर.

ते लावायची रीत तर फारच सुंदर आहे. कडं आधी पुरतं उघडायचं, म्हणजे रायफल वायूवाचून उपाशी राहून अडकेल. मग एकेक खाच मिटत जायचं आणि दर खाचेला एक गोळी झाडून पाहायचं. ज्या खाचेवर वाहक पूर्ण मागे येऊन काडतूस नीट फेकलं जातं, तिथे थांबायचं नाही. आणखी दोन खाचा मिटायच्या. पहिल्या खाचेवर रायफल आजच्या स्वच्छ हवेत चालते. पुढच्या दोन खाचा असतात उन्हाळ्यातल्या धुळीसाठी, वाळलेल्या तेलासाठी, शंभर गोळ्यांनंतर साचणाऱ्या काजळीसाठी.

पण वायूची ही शिल्लकही दर वेळी पुरत नाही, हे महाराष्ट्रातच आखल्या गेलेल्या एका रायफलने दाखवलं. पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीई या संशोधन संस्थेने 5.56 मिलिमीटरची इन्सास घडवली. तिलाही वायूवर चालणारा पिस्टन आहे. 1999 मध्ये ती कारगिलच्या उंचीवर लढली आणि तिथल्या थंडीत प्लॅस्टिकची मॅगझिन तडकल्याच्या, रायफल अडकल्याच्या तक्रारी आल्या. वायू, पिस्टन, कुलूप सगळं जागेवर असलं, तरी मॅगझिनचा ओठ तडकला की गोळी वर येतच नाही आणि साखळी तिथेच थांबते.

म्हणून चालीचा अभ्यास रायफल हाती घेणाऱ्यापुरता संपत नाही. खडकीचा 1869 पासूनचा दारूगोळा कारखाना, जळगाव जिल्ह्यातला वरणगावचा कारखाना, पाषाणची रेखाटनं, मॅगझिनचा साचा, शस्त्रागारातल्या आर्मोररच्या हातातली चिंदी, या सगळ्यांचं काम त्या दशांश सेकंदात एकत्र येतं. कुणाचंही काम थोडं उणं पडलं, तर दोन खाचांची ती शिल्लक भार उचलते. ती शिल्लकही संपली, तर रोक पडते आणि नेमकी कुठे कसर राहिली ते काडतुसावर उमटवून ठेवते. तिथून पुढचं काम वाचणाऱ्याचं.