कोंबडीला घाम येत नाही : उन्हाळ्यात परसातल्या कोंबड्या कशा जगवायच्या

मराठवाडा-विदर्भात एप्रिल लागला की पारा ४० च्या पुढे जातो आणि मे महिन्यात ४३-४४ अंश ही रोजची गोष्ट होते. अशा दिवसांत दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान अनेक घरांच्या मागच्या अंगणात एकच प्रकार घडतो. सकाळी व्यवस्थित दाणे टिपणारी, चांगली अंड्यावर असलेली कोंबडी चोच उघडून बसते, मान टाकते आणि तासाभरात जाते. घरातले म्हणतात, ऊन लागलं. कुणी म्हणतं, नजर लागली. दुसऱ्या दिवशी आणखी दोन जातात.

हे नुकसान बाहेरून छोटं दिसतं. पण आपल्या घरांमध्ये जमीन, बकऱ्या, दुकान यांचा हिशेब बहुतेक पुरुषांच्या हातात असतो. कोंबड्या मात्र अम्मीच्या, दादीच्या, खालाच्या. अंड्यांचे पैसे त्यांच्या डब्यात जमतात. आम्ही शाळेत शिकवतो, त्यामुळे जूनमध्ये त्या डब्यातून काय निघतं ते आम्हाला चांगलं ठाऊक आहे. वह्या, कंपासपेटी, गणवेशाची शिलाई, चपलेचा जोड. मे महिन्यात आठ कोंबड्या मेल्या तर जूनमध्ये तो डबा रिकामा असतो, आणि त्याबद्दल घरात फारसं कुणी बोलतही नाही.

यातल्या बऱ्याच कोंबड्या वाचू शकतात. त्यासाठी कूलर लागत नाही, महागडं औषध लागत नाही. कोंबडीचं शरीर उन्हाळ्यात कसं चालतं एवढं मात्र नीट समजून घ्यावं लागतं.

कोंबडी का मरते?

कोंबडीच्या शरीराचं तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश असतं, म्हणजे आपल्याला कडक ताप आल्यावर असतं त्याहूनही जास्त. वर पिसांचं जाड पांघरूण. आणि घामाच्या ग्रंथी नाहीतच. आपण उन्हातून आलो की घाम येतो, तो वाळतो आणि अंग थंड होतं. तिला ती सोय नाही. तिच्याकडे दोनच मार्ग. डोक्यावरचा तुरा, गळ्याखालचे लाल पदर आणि उघडे पाय यांतून थोडी उष्णता बाहेर जाते. बाकीची सगळी श्वासातून. घरात आपण 'मुर्गी हाँफ रही है' म्हणतो ना, ते धापा टाकणं म्हणजेच तिचा घाम. तोंडातला आणि श्वासनलिकेतला ओलावा वाफ होऊन जातो, तेवढीच ती थंड होते.

धापा टाकण्याची किंमतही तिला मोजावी लागते. अंगातलं पाणी झपाट्याने कमी होतं. श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो आणि रक्ताचा समतोल बिघडतो. अंड्याचं कवच कॅल्शियम कार्बोनेटचं असतं, ते बनवायला हाच कार्बन लागतो. म्हणून उन्हाळ्यातली अंडी पातळ कवचाची, हातात घेतली की तडकणारी निघतात. कोंबडीत काही खोट आली असं नव्हे, ती रात्रंदिवस धापा टाकत असते इतकंच.

यात सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी माहीत असलेली गोष्ट वेगळीच आहे. कोंबडीला मारणारी उष्णता फक्त बाहेरून येत नाही. खाल्लेलं धान्य पचतानाही अंगात उष्णता तयार होते आणि ती खाल्ल्यानंतर काही तास वाढत राहते. सकाळी दहा-अकराला, भाकऱ्या झाल्यावर, मायेने जो मूठभर मका किंवा ज्वारी आपण टाकतो, त्याची उष्णता नेमकी दुपारी दोन-तीनला, बाहेर आग ओकत असताना वर येते. सावलीत बसलेली कोंबडीही मग मरते, आणि आपल्याला वाटतं सावलीत होती तरी कशी गेली!

दाणे कधी टाकायचे

म्हणून उन्हाळ्यात वेळापत्रक बदलायचं. फजरच्या नमाजनंतर, उजाडता उजाडता पहिला दाणा. त्यात दिवसभराचा मोठा भाग. साधारण नऊनंतर दाणे बंद. दुपारभर फक्त पाणी आणि हवा असल्यास ओला पाला. मग असर उलटून गेल्यावर, ऊन उतरलं की दुसरा दाणा, मगरिबपर्यंत खाऊ द्यायचं. दुपारी त्या मागे मागे फिरतात, दारात येतात, जीव कळवळतो; तरी टाकायचं नाही.

बाजरी गरम पडते, ज्वारी थंड, असं घरोघरी ऐकायला मिळतं. कोणतं धान्य यापेक्षा ते कधी दिलं याला जास्त महत्त्व आहे. घरात असेल ते द्या. दुपारच्या ओल्या खाण्यात कलिंगडाच्या साली, काकडी, मेथी-कोथिंबिरीच्या काड्या, शेवग्याचा पाला, लसूणघास हे उत्तम. उरलेला बिर्याणीचा भात आणि खारट सालन मात्र नको. एक तर त्या उकाड्यात दोन-तीन तासांत आंबतं, आणि जास्त मीठ कोंबडीला विषासारखं आहे.

कवच पातळ होत असेल तर संध्याकाळच्या दाण्यासोबत वेगळ्या भांड्यात चुनखडीचा किंवा शिंपल्यांचा चुरा ठेवावा. कोकणात तर शिंपल्या फुकट. ते नसेल तर घरातली अंड्याची टरफलं वाळवून, भाजून, बारीक कुटून द्या. तशीच अख्खी टाकू नका, नाहीतर अंडं फोडून खायची चटक लागते.

पाणी

एरवी कोंबडी जेवढं खाते त्याच्या दुप्पट पाणी पिते. कडक उन्हाळ्यात हेच प्रमाण चौपट-पाचपटीवर जातं. मोठ्या कोंबडीला दिवसाला अर्धा लिटर धरून चाला. आठ कोंबड्यांना चार लिटर, वर सांडायचं धरून पाच.

पण पाणी नुसतं असून चालत नाही, ते प्यायच्या लायकीचं थंड हवं. छतावरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी हाताला चटका देतं. कोंबडी त्यात चोच बुडवते आणि मागे सरते. भांडं भरलेलं पाहून आपल्याला वाटतं, पाणी तर आहे. प्लास्टिकचं घमेलं काढा, मातीचं पसरट परळ आणा आणि ते पक्क्या सावलीत ठेवा. सकाळची सावली दुपारी सरकते, तेव्हा जागा निवडताना दुपारी दोनची सावली बघायची. किमान दोन ठिकाणी भांडी हवीत, कारण दांडगा कोंबडा आणि मोठ्या कोंबड्या एका भांड्यापाशी लहानांना येऊ देत नाहीत. जोहरच्या सुमारास पाणी बदला. पिल्लं असतील तर परळात दोन-चार खडे टाका, बुडणार नाहीत.

टँकरवर जगणाऱ्या गावांत हे सांगायला सोपं, करायला अवघड, हे आम्हाला मान्य आहे. पण प्यायचं पाणी वेगळं आणि गारव्याचं पाणी वेगळं. घरात वुजूचं पाणी बादलीत धरलं तर दिवसभरात गोणपाट भिजवायला आणि खुराड्यापुढची जमीन ओली करायला ते पुरतं.

फार उकाड्याच्या दिवशी दुपारच्या एका भांड्यात ओआरएस द्यायला हरकत नाही. माणसांचं एक पाकीट दोन लिटर पाण्यात, आणि शेजारी साधं पाणी ठेवलेलंच पाहिजे. अंदाजाने मीठ-साखर कालवू नका. संध्याकाळी उरलेलं फेकून भांडं धुवा.

सावली, पत्रा आणि रात्रीचं खुराडं

झाडाखालच्या सावलीसारखी सावली नाही. झाड नसेल तर पत्र्यावर कडबा, उसाचं पाचट, कोकणात झावळ्या, जे मिळेल त्याचा जाड थर टाका. वरून चुन्याचा पांढरा हात दिला तरी फरक पडतो. कोरड्या हवेत, म्हणजे बीड, परभणी, अकोला, नागपूरकडे, वाऱ्याच्या बाजूला ओलं गोणपाट टांगलं की आतली हवा चांगली गार होते. रत्नागिरी-रायगडकडच्या घरांनी मात्र ही नक्कल करू नये. तिथे पारा ३५ च्या आसपासच असतो, पण हवा दमट. ओल्या गोणपाटाने दमटपणा वाढतो आणि कोंबडीच्या धापा वाया जातात. तिथे खरा इलाज वारा. खुराड्याच्या दोन बाजू मोकळ्या करा.

आणि रात्र. बोका, मुंगूस यांच्या भीतीने आपण संध्याकाळी दहा-बारा कोंबड्या छोट्या खुराड्यात कोंबतो, वर फळी, फळीवर दगड. दिवसभर तापलेल्या विटा रात्री उष्णता सोडत राहतात आणि आत प्रत्येक कोंबडीची स्वतःची ४१ अंशांची शेगडी. रात्री नऊ वाजता आत हात घालून बघा, मग कळेल. मोठ्या कोंबडीला निदान दोन चौरस फूट जागा हवी. पुढची फळी काढून तिथे बारीक आणि भक्कम लोखंडी जाळी ठोका. बोका बाहेर राहतो, वारा आत येतो. या सगळ्या लेखातला पैसे लागणारा हा एकच भाग आहे, आणि तो खर्च करण्यासारखा आहे.

खुडूक बसलेल्या कोंबडीकडे वेगळं लक्ष द्या. ती अंडी सोडून उठत नाही, तहानेने तिथेच मरते. तिच्या चोचीला पोचेल असं पाणी ठेवा. खरं तर एप्रिल-मेमध्ये तिला अंड्यांवर बसवूच नये. या उकाड्यात ठेवलेल्या अंड्यांत कोंबडी न बसताच अर्धवट वाढ सुरू होते आणि मग ती नासतात. खाण्याची अंडीही दिवसातून दोनदा गोळा करा आणि माठाशेजारी ओल्या वाळूवर ठेवा.

जातीचं म्हणाल तर अंगाने हलकी गावठी कोंबडी उन्हाळा जास्त सोसते. गिरीराज, वनराज यांसारख्या वजनदार कोंबड्या आधी कोसळतात. उघड्या मानेच्या कोंबडीला लोक कुरूप म्हणून नावं ठेवतात, पण त्या उघड्या मानेतून तिची उष्णता चांगली बाहेर जाते.

कोसळलेली कोंबडी : छुरी की पाणी?

कोंबडी मान टाकायला लागली की आपल्या घरात पहिली हाक येते, "छुरी लाओ." कारण उघड आहे. तशीच मेली तर मुरदार, जबह झाली तर निदान सालन तरी होईल. पण पुढे वर्ष-दीड वर्ष अंडी देऊ शकणारी कोंबडी आपण एका वेळच्या जेवणात घालवतो. दहा-पंधरा मिनिटं द्या.

तिला सावलीत घ्या. पसरट भांड्यात माठाचं पाणी घेऊन तिचे पाय आणि पोटाखालचा भाग त्यात बुडवा. बर्फाचं पाणी नको, त्याचा झटका बसतो. तुरा आणि गळ्याखालचे पदर ओल्या कपड्याने पुसा, पंख थोडे उचलून वारा घाला. चोच उघडून पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. चोचीचं टोक पाण्याला लावा, शुद्धीत असेल तर ती स्वतः पिते. मान उचलून इकडेतिकडे बघू लागली की धोका टळत आला. त्या दिवशी तिला इतरांपासून वेगळी ठेवा, दाणा संध्याकाळीच.

एक फरक मात्र ओळखता आला पाहिजे. उन्हाने मरणारी कोंबडी दुपारी मरते, अचानक मरते, आणि बहुतेक धडधाकट, वजनदार असते. मरतूक रात्री-पहाटेही होत असेल, विष्ठा हिरवी असेल, मान वाकडी होत असेल, नाका-चोचीतून पाणी येत असेल, तर ते ऊन नाही, राणीखेत म्हणजे मानमोडी किंवा दुसरा एखादा साथीचा आजार आहे. अशा कोंबडीला छुरी लावू नका, खाऊ नका, घाईघाईने बाजारात विकू तर अजिबात नका. मेलेल्या कोंबड्या नाल्यात न टाकता खोल खड्ड्यात चुना घालून पुरा आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ साली देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. राणीखेतची लस त्याच दवाखान्यात विचारा. ती बर्फात आणायची आणि सकाळी गारव्यातच द्यायची. लस निरोगी कोंबडीसाठी असते. धापा टाकणाऱ्या, आजारी कोंबडीला देऊन उपयोग नाही.

सुट्टीत गावाला जाताना

मे म्हणजे शादीब्याहचे दिवस, आणि सध्या काही वर्षं बकरी ईदही मे-जूनमध्येच येते. सगळं घर दोन दिवसांसाठी कुलूप लावून जातं, कोंबड्यांपुढे घमेलंभर पाणी. ते पहिल्या दुपारीच तापतं किंवा पालथं होतं. शेजारच्या मुलाला दिवसातून दोनदा पाणी बदलायला सांगा आणि त्या दोन दिवसांची अंडी त्यालाच घेऊ द्या. काम चोख होतं. दावतसाठी कोंबड्या आणायच्या तर पहाटे आणा. पाय बांधून मोटारसायकलला उलट्या टांगलेल्या किंवा पोत्यात भरलेल्या कोंबड्या भर उन्हात घरी पोचेपर्यंत अर्ध्या मेलेल्या असतात.

मृगाआधीचे आठ-दहा दिवस पुन्हा जपायचे. ढग येतात, पारा थोडा उतरतो, पण हवा कुंद होते आणि मराठवाड्यातही कोकणासारखी दमट हवा जाणवते. तेव्हा टांगलेली गोणपाटं काढून टाका, खुराड्यातली ओली घाण काढून कोरडी राख पसरा आणि दोन्ही बाजूंनी वारा येऊ द्या. दाण्याची पहाट-संध्याकाळची वेळ मात्र पाऊस चांगला लागेपर्यंत तीच ठेवा.