तारेचे मालक

लेखमाला : सहकाराच्या वाटा – लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण अमेरिकेतल्या ग्रामीण वीज सहकारी संस्था पाहिल्या. आज त्याच शेतकऱ्यांच्या घरात आलेल्या दुसऱ्या तारेकडे, टेलिफोनकडे वळू. विजेच्या मानाने ही हकिकत जास्त शिकवणारी आहे. इथे शेतकऱ्यांचा सहकार एकदा साफ बसला आणि पुढे त्याच मुलखात पुन्हा भक्कम उभा राहिला. मालकी दोन्ही वेळा शेतकऱ्यांचीच होती. मग पहिल्या वेळी काय कमी पडलं, हे आज समजून घ्यायचं आहे.

पहिला डाव

ग्रॅहम बेल यांना टेलिफोनचं पेटंट मिळालं १८७६ मध्ये. मूळ पेटंटांची मुदत १८९३-९४ मध्ये संपली. तोवर हा धंदा बेल कंपनीच्याच हातात होता आणि कंपनीने तारा ओढल्या त्या मुख्यतः शहरांत. अमेरिकन शेतकरी गावठाणात दाटीने राहत नाही, ज्याचं त्याचं घर ज्याच्या त्याच्या रानात असतं. मैलभर तार ओढली तर शहरात शेकडो गिऱ्हाइकं मिळतात, रानात दोन-तीन घरं. खांब आणि मजुरी मात्र दोन्हीकडे तेवढीच. कंपनीच्या हिशेबात ही घरं बसत नव्हती.

पेटंटची अडचण दूर होताच आयोवा, इलिनॉय, कॅन्सस अशा राज्यांतल्या शेतकऱ्यांनी स्वतःच कंबर कसली. आठ-दहा शेजाऱ्यांनी वर्गणी काढायची, झाडं तोडून खांब करायचे, लोखंडी तार ओढायची, दुकानातून यंत्रं विकत आणायची आणि लाइन सुरू करायची. काही ठिकाणी तर कुंपणाची काटेरी तारच टेलिफोनसाठी वापरली. भिंतीवरच्या यंत्रात बोलण्यासाठी बॅटरी असे आणि मूठ फिरवली की घंटा वाजे. एकाच तारेवर सगळी घरं असल्यामुळे घंटा सगळ्यांकडे वाजायची. म्हणून प्रत्येकाची खूण ठरलेली असे : कोणाची एक लांब आणि दोन आखूड, कोणाची दोन लांब. आग लागली, कोणी हरवलं, तर ठरलेली सर्वांसाठीची घंटा वाजवत आणि अख्खा टापू धावून येई. दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकणंही चालायचं. जितके जास्त लोक रिसिव्हर उचलत, तितका मूळ बोलणाऱ्यांचा आवाज क्षीण होत जाई.

या लाइनींचं यश मोठं होतं. १९२० च्या जनगणनेत अमेरिकेतल्या ३८.७ टक्के शेतघरांत टेलिफोन होता. वीज त्या घरांपर्यंत पोचायला अजून बरीच वर्षं होती.

घसरण

१९४० च्या जनगणनेत हाच आकडा २५ टक्क्यांवर आला. वीस वर्षांत शेतीतले टेलिफोन वाढण्याऐवजी घटले. त्यामागे तीन कारणं होती आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहेत.

पहिलं कारण शेतीचं. पहिल्या महायुद्धानंतर शेतमालाचे भाव कोसळले, पुढे महामंदी आली आणि लोकांनी टेलिफोन काढून टाकले. तारेवरची घरं कमी झाली की उरलेल्यांच्या वाट्याचा खर्च वाढे, मग आणखी काही जण बाहेर पडत.

दुसरं कारण विजेचं. जुनी टेलिफोन लाइन एकतारी होती, विद्युतप्रवाहाचा परतीचा मार्ग जमिनीतून जाई. त्यामुळे खर्च निम्मा होई. पण शेजारून विजेच्या तारा गेल्या, की त्यांच्या प्रभावाने टेलिफोनमध्ये अखंड घूं घूं सुरू व्हायची आणि बोलणं ऐकू येईनासं व्हायचं. उपाय माहीत होता : दुसरी तार टाकून पूर्ण मंडल करायचं. त्यासाठी लागणारा पैसा मात्र संस्थेकडे नव्हता.

तो का नव्हता, हे तिसरं आणि खरं कारण. वर्षाची वर्गणी ठरायची ती वर्षाच्या दुरुस्तीपुरती. खांब पंधरा-वीस वर्षांनी कुजणार, यंत्र जुनं होणार, याची तरतूद बहुतेक ठिकाणी कोणी केली नाही. घसारा निधी म्हणून बाजूला काही टाकलेलं नसे. स्वस्त टेलिफोन हा त्या संस्थांचा अभिमान होता. तो स्वस्त होता, कारण त्याची पूर्ण किंमत कोणी भरतच नव्हतं.

दुसरा डाव

ग्रामीण विद्युतीकरणाच्या कायद्यात दुरुस्ती करून टेलिफोनसाठीही सरकारी कर्ज द्यावं, हा प्रस्ताव अलाबामाचे सिनेटर लिस्टर हिल आणि टेक्सासचे प्रतिनिधी पोग यांनी लावून धरला. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी २८ ऑक्टोबर १९४९ रोजी त्यावर सही केली. व्याज दोन टक्के, फेड ३५ वर्षांची. हे पैसे फुकट नव्हते, खैरातही नव्हती. पण खांब आणि तारांच्या आयुष्याला जुळेल इतक्या लांब मुदतीचं कर्ज शेतकऱ्यांना टेलिफोनसाठी प्रथमच मिळालं.

कर्जासोबत अटी आल्या आणि त्याच मला महत्त्वाच्या वाटतात. रस्त्यालगतची सोयीची घरं जोडून कडेची सोडायची नाहीत, आखलेल्या क्षेत्रात जितक्यांना देणं शक्य आहे तितक्या सर्वांना सेवा द्यायची. बांधणी ठरलेल्या तांत्रिक मानकांनुसार करायची. हिशेब ठरावीक पद्धतीने ठेवायचे आणि त्यांची तपासणी करून घ्यायची. कर्ज खासगी कंपन्यांनाही मिळत होतं. जिथे कोणी कंपनी पुढे आली नाही, तिथे शेतकऱ्यांनी घरोघर फिरून सभासद गोळा केले आणि सहकारी संस्था नोंदवल्या. या संस्थांची राष्ट्रीय संघटना १९५४ मध्ये उभी राहिली. आज अमेरिकेत अशा टेलिफोन सहकारी संस्था अडीचशेच्या आसपास आहेत.

संस्थेची रचना आपल्याकडच्या सभासदाला ओळखीची वाटेल. टेलिफोन घेतला की सभासदत्व. एका सभासदाला एक मत, मग त्याच्या घरी एक जोडणी असो वा त्याच्या कारखान्यात पन्नास. संचालक मंडळ सभासदांतूनच निवडून येतं आणि वार्षिक सभेत जाब देतं.

वेगळी आहे ती नफ्याची वाटणी. खर्च भागून जे उरतं ते प्रत्येक सभासदाने वर्षभरात जेवढी सेवा घेतली त्या प्रमाणात त्याच्या नावे जमा होतं. ही रक्कम लगेच हातात येत नाही. काही वर्षं ती संस्थेचं भांडवल म्हणून वापरली जाते, तिच्यातून नव्या तारा पडतात, जुनं कर्ज फिटतं. मग आर्थिक स्थिती पाहून मंडळ जुन्या वर्षांची रक्कम परत करतं. म्हणजे आजचा सभासद उद्याच्या तारेसाठी पैसे ठेवतो आणि त्याची नोंद त्याच्या नावावर राहते. पहिल्या डावात नसलेली घसाऱ्याची आणि भांडवलाची शिस्त या रचनेतच बसवलेली आहे. संस्थेला आयकरात सूट मिळते तीही सशर्त : उत्पन्नाचा किमान ८५ टक्के भाग सभासदांकडून आलेला असला पाहिजे.

केंटकीच्या डोंगरातली संस्था

या शिस्तीचं फळ पाहायचं तर केंटकी राज्याच्या पूर्व भागात, ॲपलाचियाच्या डोंगरात जावं लागेल. जॅक्सन आणि औझली या दोन काउंटी देशातल्या अत्यंत गरीब काउंटींत मोडतात. मकी या मुख्य गावात वाहतुकीचा सिग्नल एकच. इथे पीपल्स रूरल टेलिफोन को-ऑपरेटिव्ह १९५० च्या दशकापासून काम करते. या संस्थेने तांब्याच्या तारा काढून घराघरांत ऑप्टिकल फायबर न्यायचं ठरवलं. ग्रामीण विकासाचं सरकारी कर्ज आणि २००९ च्या आर्थिक प्रोत्साहन कायद्यातलं अनुदान मिळवून सुमारे एक हजार मैल केबल टाकली. जिथे गाडी चढत नव्हती, तिथे ‘ओल्ड बब’ नावाच्या खेचराने केबल ओढली. २०१४ पर्यंत दोन्ही काउंटींतलं प्रत्येक घर आणि दुकान फायबरच्या आवाक्यात आलं. अनेक मोठ्या अमेरिकन शहरांत तेव्हा अशी सोय नव्हती. पुढे घरून करायच्या ग्राहकसेवेच्या नोकऱ्या या डोंगरात आल्या आणि शेकडो लोकांना गाव न सोडता काम मिळालं.

कंपनीने हे केलं नसतं, कारण तिला भागधारकांना उत्तर द्यायचं असतं आणि ते भागधारक दुसरीकडे राहतात. इथे मालक आणि गिऱ्हाईक एकच. त्याला दुसरीकडे जायचं नाही, त्यामुळे तीस वर्षांनी फिटणारा खर्च त्याला परवडतो.

मात्र या संस्था सर्वस्वी स्वबळावर चालतात असं समजू नये. विरळ वस्तीतली सेवा परवडावी म्हणून देशभरच्या दूरसंचार सेवांच्या बिलांवरील आकारातून एक सार्वत्रिक सेवा निधी जमा होतो. त्याचा आधार काढला तर अनेक ग्रामीण संस्था अडचणीत येतील. त्या निधीच्या वैधतेलाच न्यायालयात आव्हान दिलं गेलं होतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो २०२५ मध्ये वैध ठरवला. शहराने खेड्याचा थोडा भार उचलायचा, हे तत्त्व मला न्याय्य वाटतं. शहराचा माणूस खेड्यात फोन करतो, तेव्हा त्या तारेचा लाभ त्यालाही मिळतोच.

आपला धागा

याच अमेरिकन रचनेचं एक रोप महाराष्ट्रात लावलं गेलं होतं. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झालं. त्यानंतर अमेरिकन वीज सहकारी संस्थांच्या राष्ट्रीय संघटनेच्या तज्ज्ञांच्या मदतीने देशात पाच प्रायोगिक वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या. त्यांतली एक नगर जिल्ह्यातली मुळा-प्रवरा. चार दशकं तिने श्रीरामपूर, राहुरी परिसराला वीज दिली. २०११ मध्ये वितरण महावितरणकडे गेलं, तेव्हा थकबाकीचा डोंगर उभा होता. तो कोणामुळे साचला, याबाबत दोन्ही बाजूंचे दावे निराळे आहेत. पण घेतलेल्या विजेची किंमत आणि वसूल होणारी रक्कम यांचा मेळ तुटला, की कोणतीही संस्था फार काळ तग धरत नाही. आयोवाच्या शेतकऱ्यांना १९४० पर्यंत तेच कळून चुकलं होतं.

मालकी आपली असणं ही सहकाराची सुरुवात आहे. तो टिकतो ते सभासद स्वतःकडून खरा खर्च वसूल करायला तयार असले तर, आणि लांब मुदतीचं भांडवल मिळालं तर. या दोन्हींपैकी एक जरी नसेल, तरी उत्साहाने ओढलेली तार वीस वर्षांत जमिनीवर येते.

वाचकांपैकी बहुतेक जण कुठल्या ना कुठल्या संस्थेचे सभासद असतील : पतसंस्था, दूध संस्था, पाणीवापर संस्था, निदान गृहनिर्माण संस्था. सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा होतात. अहवाल हातात आला की लाभांशाच्या आकड्यावर थांबू नका. घसाऱ्याची तरतूद किती, राखीव निधी किती आणि यंत्रं, इमारत, जलवाहिनी बदलायची वेळ येईल तेव्हा पैसा कुठून येणार, हे उभं राहून विचारा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.