निम्मे करताना झालेली चूक

कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० सालची. समजा, अशा ग्रंथालयातील १,००० पुस्तकांच्या अकारविल्हे यादीत तुम्हांला एक नाव शोधायचे आहे. मधले नाव पाहा. हवे ते त्याच्या आधी येत असेल, तर पुढची अर्धी यादी सोडा. असे फार तर १० वेळा केले की काम झाले!

संगणकही क्रमवार यादीत असेच शोधतो. मध्य काढण्यासाठी तो पहिला व शेवटचा क्रमांक मिळवून २ ने भागतो. यात चूक ती कोणती?

३२ बिटांच्या पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. १५० कोटी व १६० कोटी मिळवले, तर उत्तर चक्क ऋण येते आणि शोध कोलमडतो. जॉन बेंटली यांच्या १९८६ सालच्या गाजलेल्या पुस्तकात हीच रीत होती. जोशुआ ब्लॉक यांनी 'जावा'साठी लिहिलेल्या आज्ञावलीतही तीच. याद्या लहान होत्या, म्हणून चूक लपून राहिली. २००६ साली ब्लॉक यांनीच ती जाहीर केली.

उपाय सोपा आहे. आधी वजाबाकी करा आणि तिचे निम्मे पहिल्या क्रमांकात मिळवा. १०० व २०० घेऊन पाहा, दोन्ही रीतींनी १५० च येतात. पण कागदावर सारख्या असणाऱ्या रीती यंत्रातही सारख्याच ठरतील, असे नाही!