हार्ड डिस्क कुरकुरू लागली म्हणजे...



खळ्यावर धान्य पडले आहे आणि आभाळ भरून आले, तर तुम्ही आधी धान्य झाकता. गळके छप्पर शाकारायला कोणी बसत नाही. संगणकाची हार्ड डिस्क बिघडू लागली म्हणजे मात्र नेमके उलटे घडते. माणसे डिस्क दुरुस्त करू पाहतात आणि तिच्यातील माहिती त्या खटपटीत जाते.

माझ्या कार्यक्षेत्रातील एका दूध संस्थेत असेच झाले. संगणक अडखळू लागला, आतून टक् टक् आवाज येऊ लागला. चार दिवस तो बंद-चालू करून पाहिला. पाचव्या दिवशी डिस्क दिसेनाशी झाली आणि दहा दिवसांच्या बिलाचे लिटर व फॅट तिच्याबरोबर गेले. शेवटी घरोघर फिरून संकलनाच्या पावत्या गोळा कराव्या लागल्या. ज्यांनी पावत्या चुलीत घातल्या होत्या, त्यांच्याशी वाद झाले ते वेगळेच.

या डिस्कमध्ये गुळगुळीत तबकड्या असतात. त्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. त्यांच्यावरून माहिती वाचणारे व लिहिणारे बारीक टोक फिरते, पण ते टेकत नाही, अधांतरी तरंगते. हे अंतर इतके थोडे, की माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड भरेल. म्हणून चालू संगणकाला धक्का लागणे वाईट. लिहीत असतानाच वीज गेली तर नोंद अर्धवट राहते. आपल्याकडची वीज पाहता यूपीएस ही चैन समजू नये.

बिघाडाची लक्षणे ओळखता येतात. एखादी फाइल उघडायला मिनिटे लागतात, संगणक मध्येच थिजतो, फाइलींची नावे विचित्र दिसू लागतात. नुसता मंदपणा व्हायरसनेही येतो आणि कधी केबल सैल असते, म्हणून खात्री करावी. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम विंडोजवर डिस्कची प्रकृती सांगतो. पिवळ्या रंगात 'कॉशन' दिसले, तर उद्यावर ढकलू नका. 'गुड' दिसले तरी निर्धास्त राहू नका.

मग काय करावे? दुकानदार म्हणेल, "विंडोज नवीन टाकून देतो." त्याला हात लावू देऊ नका. फॉरमॅट नको, चेकडिस्कही नको. ही कामे आजारी डिस्कवर ताण देतात, वर तिच्यावर नवे लिहितात. आधी माहिती बाहेर काढा. तीही सगळी नव्हे. सातबारा आणि आठ-अ शासनाकडून पुन्हा मिळतात, खात्याचा उतारा बँक देते. द्राक्षबागेच्या फवारणीच्या नोंदी, गाईंच्या रेतनाच्या व वेतांच्या तारखा, संस्थेचे हिशेब, घरातल्या वडीलधाऱ्यांचे फोटो यांची दुसरी प्रत कोठेच नसते. ते आधी घ्या, थोडे थोडे करून, दुसऱ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर. 'सी'मधून 'डी'मध्ये घेतले म्हणजे सुटले, असे पुष्कळांना वाटते. पण ती बहुधा एकाच डिस्कची दोन नावे असतात!

नकल मध्येच अडली तर तेथेच पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका. जाणत्या माणसाकडून डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडून घ्या. लिनक्सवर 'डीडीरेस्क्यू' नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. तो कापूस वेचावा तसे काम करतो. फुटलेली बोंडे आधी, अडलेली नंतर. चांगला भाग पहिल्या फेरीत उतरवून घेतो, मग खराब जागांकडे वळतो, आणि कोठवर आलो ते टिपून ठेवतो. त्यासाठी तेवढ्याच किंवा मोठ्या क्षमतेची रिकामी डिस्क लागते.

टक् टक् आवाज सुरू झाला असेल, तर मात्र घरचे उपाय संपले. वीज बंद करा. कोणी सांगेल की डिस्क फ्रिजमध्ये ठेवा. ठेवू नका, आत दव धरते. झाकण उघडणे तर धुळीला आवतण देणेच. धूळविरहित खोलीत काम करणाऱ्या प्रयोगशाळा मोठ्या शहरांत आहेत, पण खर्च हजारोंच्या घरात जातो. माहिती निघाली नाही तर किती आकारणार, हे आधी लेखी विचारा. वॉरंटीत नवी डिस्क मिळते, माहिती मिळत नाही, हेही ध्यानात असू द्या.

नव्या संगणकांत एसएसडी असते. तिच्यात फिरणारे काही नाही, त्यामुळे आवाज नाही आणि पुष्कळदा पूर्वसूचनाही नाही. तेथे प्रत हाच उपाय. एक प्रत पेनड्राइव्हवर, दुसरी वेगळ्या डिस्कवर. त्यांतील एक दुसऱ्या घरी ठेवा, संगणकाशेजारच्या फडताळात नको, कारण चोर आणि पाऊस दोघेही शेजारचे सोडत नाहीत. महिन्यातून एकदा ती प्रत उघडून पाहा. घरातील शाळकरी मुलगी हे काम आनंदाने करील.

जुनी डिस्क भंगारवाल्याला तशीच देऊ नका. तिच्यात तुमचे आधार, पासबुक आणि फोटो असतात. माहिती सुखरूप उतरल्यावर तबकड्यांतून ड्रिलने आरपार दोन-तीन भोके पाडा, मग द्या.