हार्ड डिस्क ‘दिसत नाही’ तेव्हा आत काय बिघडलेलं असतं?

एका वाचक भगिनींनी विचारलं आहे: त्यांची एक टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क लॅपटॉपला लावली की दिवा लागतो, पण ‘धिस पीसी’मध्ये डिस्क येत नाही. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारू, मग चालेल. आत मुलांच्या लहानपणापासूनचे फोटो आहेत. काय करावं?

उत्तर आधीच देतो. फॉरमॅट करू नका. ‘डिटेक्ट होत नाही’ ही एकच तक्रार चार वेगवेगळ्या बिघाडांसाठी केली जाते. त्यातल्या पहिल्या तिन्हींवर फॉरमॅटचा काहीही उपयोग नाही आणि चौथ्यात नुकसान आहे. म्हणून गाडी नेमकी कुठल्या स्टेशनावर अडली आहे ते आधी शोधायचं.

पहिला टप्पा विजेचा. अडीच इंची डिस्कला वेगळा अडॅप्टर नसतो, सगळी वीज यूएसबीच्या ५ व्होल्टवरून येते. नियमाप्रमाणे यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००. पण थांबलेली तबकडी फिरायला लागते त्या पहिल्या काही क्षणांत तिला एक अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. लांब केबल, स्वस्तातला हब किंवा सीपीयूच्या पुढच्या बाजूचं पोर्ट असेल तर नेमक्या त्याच क्षणी व्होल्टेज पडतं. डिस्क फिरायला बघते, थांबते, पुन्हा बघते. दिवा मात्र जळत राहतो, कारण त्याला फार तर काही मिलिअँपिअर पुरतात. म्हणून दिव्यावर विसंबू नका. डिस्क टेबलावर सपाट ठेवून वर अलगद बोट टेकवा. एकसारखी बारीक थरथर लागली तर तबकडी फिरते आहे.

या डिस्कचं रुंद, दोन कप्प्यांचं सॉकेट पाहिलं आहे? त्याचा मोठा कप्पा म्हणजे जुनं मायक्रो यूएसबीच आहे. शेजारच्या छोट्या कप्प्यात यूएसबी ३ च्या जास्तीच्या तारा येतात. केबल वाकून वाकून बऱ्याचदा त्याच बारीक तारा आतून तुटतात. अशा वेळी जुन्या मोबाइलची डेटा केबल मोठ्या कप्प्यात लावून बघा. वेग बराच कमी मिळेल, पण डिस्क दिसली तर दोष केबलचा किंवा त्या छोट्या कप्प्याचा, हे तिथेच कळतं. फोटो उतरवून घ्यायला तेवढा वेग पुरतो.

दुसरा टप्पा ओळखपरेडीचा. यूएसबी २ मध्ये नवं उपकरण दीड किलोओहमच्या एका रोधातून डेटाची एक तार वर ओढतं, तेवढ्यावरून कॉम्प्युटरला कुणी आल्याचं कळतं. मग तो शून्य क्रमांकाच्या पत्त्यावर विचारणा करतो: कंपनी कोणती, मॉडेल कोणतं, वीज किती लागते? उत्तर आलं की १ ते १२७ मधला एक पत्ता बहाल होतो. उत्तर अर्धवट आलं तर विंडोज ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ म्हणतं. या पद्धतीचं पहिलं मानक जानेवारी १९९६ मध्ये आलं. इंटेलचे अजय भट्ट त्या कामात अग्रभागी होते. ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी, त्यामुळे आपल्याला त्यांचं विशेष कौतुक आहे आणि ते असायलाच हवं. पण ‘यूएसबी एका माणसाने शोधलं’ हे खरं नाही. सात कंपन्यांनी एकत्र बसून ते मानक घडवलं, आणि सगळ्यांना एकच पोर्ट मान्य करायला लावणं हाच त्यातला अवघड भाग होता.

या ओळखपरेडीत उत्तर देते ती डिस्क नव्हे, तर तिच्या पेटीतली यूएसबी आणि सॅटा (डिस्कची स्वतःची जोडणी) यांना जोडणारी छोटी ब्रिज चिप. चिप जिवंत आणि डिस्क मेलेली असेल तर नाव दिसतं, पण क्षमता शून्य! उलट फक्त चिप जळली असेल तर आतली डिस्क काढून दुसऱ्या पेटीत घालता येते. मात्र काही मॉडेलांत ही चिपच डेटा कूटबद्ध करते. काही मोठ्या डिस्कमध्ये ती सेक्टरचा आकार बदलून सांगते. अशी डिस्क थेट जोडली की सगळं शाबूत असूनही कोरी दिसते आणि माणूस घाबरून नको ते बटण दाबतो.

तिसरा टप्पा खुद्द तबकडीचा, आणि इथे मला रेनॉल्ड जॉन्सन यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. मिशिगनमधला हा शाळेतला विज्ञान शिक्षक. बहिणींना भेटायला येणाऱ्या मुलांच्या मोटारींच्या स्पार्क प्लगवर तरुणपणी तो पेन्सिलीच्या रेघा ओढून ठेवायचा. ग्रॅफाइट वीज वाहून नेतं, ठिणगी पडत नाही, मोटार सुरू होत नाही! ही खोडी पुढे कामाला आली. विद्यार्थ्यांनी पेन्सिलीने केलेल्या खुणा विजेने ओळखून पेपर तपासणारं यंत्र त्याने बनवलं. एमपीएससीच्या परीक्षेत आपली मुलं गोल रंगवतात, त्या पद्धतीच्या मुळाशी असलेल्या यंत्रांपैकी हे एक. आयबीएमने १९३४ मध्ये त्याला कामावर घेतलं आणि १९५२ मध्ये सॅन होजेला नवी प्रयोगशाळा उभारायला धाडलं. तिथून १९५६ मध्ये जगातली पहिली हार्ड डिस्क बाहेर पडली: २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, वजन जवळपास एक टन आणि साठा ५० लाख अक्षरांचा. तबकडीवर चुंबकीय रंगाचा थर एकसारखा बसेना. तेव्हा सहकाऱ्यांनी लोहाच्या ऑक्साइडचा तो रंग बायकांच्या तलम पायमोज्यातून गाळला आणि कागदी पेल्याने फिरत्या तबकडीच्या मध्यावर ओतला. तो आपोआप कडेपर्यंत पसरला. संगणकाच्या इतिहासात चिपवाल्यांची नावं पाठ करून घेतली जातात, पण हा शिक्षक त्यात क्वचितच भेटतो. मला हा अन्याय वाटतो. चिपने हिशेब वेगाने केले, पण ते कुठे ठेवायचे आणि हवा तो क्षणात कसा काढायचा, याचं उत्तर जॉन्सनच्या चमूने दिलं.

त्या पहिल्या यंत्रात वाचणारं हेड तबकडीपासून सुमारे २० मायक्रॉनवर तरंगायचं. आज हे अंतर काही नॅनोमीटर आहे, म्हणजे हजारो पटींनी कमी. खाली तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते, तिची कड ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास धावते. डिस्क चालू असताना पडली तर काय होत असेल ते यावरून ओळखा. शिवाय डिस्क चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा बराचसा भाग तबकडीवरच एका राखीव पट्ट्यात लिहिलेला असतो. हेडला तो पट्टा वाचता आला नाही तर डिस्कला स्वतःची क्षमताही सांगता येत नाही. हेड मागे जातं, पुन्हा येतं आणि ‘टक्... टक्... टक्’ असा ठरावीक आवाज येत राहतो. हा आवाज आला की लगेच केबल काढा. दर टकटकीला पृष्ठभाग खरवडला जात असण्याची शक्यता आहे. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवण्याचा सल्ला अजून फिरतो. तो ऐकू नका, बाहेर काढल्यावर आत बाष्प धरतं. घरी पेटी उघडून तबकडी बघणंही तसंच. धुळीचा डोळ्यांना न दिसणारा कणसुद्धा त्या फटीपेक्षा शेकडो पट मोठा असतो. हे काम क्लीन रूम असणाऱ्यांचं आहे. त्याला पैसे बरेच लागतात, आणि ‘१०० टक्के रिकव्हरी’ची हमी कुणीच प्रामाणिकपणे देऊ शकत नाही.

चौथा टप्पा सातबाऱ्याचा. शेत जागेवर आहे, पीक उभं आहे, पण तलाठ्याकडचा उतारा फाटला तर गट नंबर कुणाचा, हद्द कुठवर, हे कागदावरून सांगता येत नाही. डिस्कवरही हीच व्यवस्था आहे. जुन्या एमबीआर पद्धतीत पहिल्या सेक्टरमधल्या अवघ्या ६४ बाइटांत डिस्कचे सगळे भाग नोंदलेले असतात. नव्या जीपीटी पद्धतीत याच नोंदीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटाला असते, जशी एखादी प्रत तहसीलमध्ये असावी. प्रत्येक भागात कोणती फाइल कुठल्या तुकड्यांत आहे याची वेगळी नोंदवही असते. कॉपी चालू असताना केबल ओढली, वीज गेली, की यातलं एखादं पान अर्धवट राहतं. मग विंडोज विचारतं, डिस्क फॉरमॅट करायची का? खरं तर त्याला फक्त उतारा वाचता आलेला नसतो. फॉरमॅट म्हणजे त्या जागी कोरा उतारा लिहिणं. पूर्वी क्विक फॉरमॅटनंतरही पीक उभंच राहायचं आणि जाणकार माणूस ते परत मिळवायचा. आता एसएसडीमध्ये आणि एकमेकांवर चढलेल्या पट्ट्यांत लिहिणाऱ्या काही नव्या हार्ड डिस्कमध्ये कॉम्प्युटर ‘ही जागा आता मोकळी’ असा निरोप देतो. त्यानंतर जुना मजकूर वाचायला गेलं तर शून्यंच हाती येतात. ‘फॉरमॅट मारा, मग रिकव्हर करू’ हे वाक्य म्हणूनच आज धोकादायक आहे.

विंडोजमध्ये ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून बघा. डिस्क तिथे पूर्ण क्षमतेसह दिसत असेल तर पहिले तीन टप्पे बहुतेक पार झाले. भाग ठीक आहे, फक्त ई किंवा एफ असं अक्षर नाही? अक्षर द्या, काम झालं. ‘रॉ’ किंवा ‘नॉट इनिशियलाइज्ड’ असं दिसलं तर कशालाही होकार देऊ नका. डिस्क मॅकवर वापरलेली असेल तर आधी मॅकला लावून बघा. ती धडधाकट असू शकते, विंडोजला ती लिपी वाचता येत नाही एवढंच.

उतारा खरोखरच बिघडला असेल तर डिस्कवर काहीही न लिहिता तिची सेक्टर-सेक्टर नक्कल, म्हणजेच इमेज, दुसऱ्या डिस्कवर घेतात आणि शोधाशोध त्या नकलेवर करतात. नक्कल घेणारं डीडीरेस्क्यू आणि हरवलेले भाग शोधणारं टेस्टडिस्क, दोन्ही मोफत आहेत. ज्यांना जमत नाही त्यांनी जाणकाराकडे जावं. पत्र लिहिणाऱ्या भगिनींना माझं सांगणं एवढंच: आधी केबल आणि पोर्ट बदलून बघा, टकटक ऐकू येते का ते बघा. दुकानात गेलातच तर एकच प्रश्न विचारा, ‘आधी डिस्कची इमेज घेणार का?’ उत्तर नाही असेल, तर डिस्क उचला आणि घरी या.