ग्रामीण पदवीधरांचे प्रारंभिक वेतन : अपेक्षा आणि वास्तव (जाफराबाद परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

पदवीच्या अंतिम वर्षातील विद्यार्थ्यास 'नोकरी लागल्यास आरंभी किती वेतन मिळावे?' असे विचारले असता उत्तर बहुधा वीस ते तीस हजारांच्या घरात येते. या उत्तराचा उगम शोधू गेल्यास त्यामागे काही ऐकीव आकडे आढळतात : नात्यातील तलाठ्याचा पगार, पुण्यास 'कंपनीत' असलेल्या गावकऱ्याचे पॅकेज आणि खाजगी अकादमीच्या फलकावरील यशस्वितांची छायाचित्रे. अपेक्षा बाळगणे हा दोष नव्हे. मात्र अपेक्षा व वास्तव यांतील अंतर न उमगल्यामुळे विद्यार्थ्याची दोन परस्परविरुद्ध प्रकारे हानी होते. तो हाती आलेली संधी नाकारून वर्षानुवर्षे प्रतीक्षा करतो किंवा अपेक्षाभंगानंतर कायद्याने देय असलेल्या रकमेहूनही कमी मोबदल्यावर राबू लागतो. वेतनाचा आकडा कसा वाचावा, हे त्याला बहुधा कोणी शिकविलेले नसते. प्रस्तुत लेखात हे वाचन कसे करावे, याचे विवेचन केले आहे.

शासनाच्याच आकड्यांतून दिसणारी पायरी

प्रारंभिक वेतनाची वास्तव पातळी जाणण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. शासनाने वेळोवेळी घोषित केलेले आकडेच पुरेसे बोलके आहेत. शिकाऊ उमेदवारी नियमांत २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने पदवीधर शिकाऊ उमेदवाराचे किमान विद्यावेतन दरमहा ९,००० रुपये ठरविण्यात आले. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांसाठी दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन ठेवले गेले, तेही मर्यादित महिन्यांसाठी. पदवीनंतर बी. एड. व पात्रता परीक्षा असे सोपस्कार पूर्ण करून माध्यमिक शाळेत शिक्षणसेवक झालेल्या उमेदवाराचे मानधन २०२३ पूर्वी ८,००० रुपये होते. ते १८,००० रुपये करण्यात आले आणि शिक्षणसेवकाचा कालावधी तीन वर्षांचा असतो. सातव्या वेतन आयोगानुसार राज्य शासनातील लिपिक-टंकलेखकाचे आरंभीचे मूळ वेतन १९,९०० रुपये, तर तलाठ्याचे (आताचे ग्राम महसूल अधिकारी) २५,५०० रुपये आहे. त्यात महागाई भत्ता व घरभाडे भत्ता यांची भर पडते. विद्यार्थ्याच्या मनातील आकडा हा या शेवटच्या पायरीवरील आहे. बहुसंख्यांचा आरंभ मात्र पहिल्या दोन पायऱ्यांच्या आसपास होतो.

जालना शहर पोलाद आणि बियाणे या दोन उद्योगांसाठी ओळखले जाते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये 'महिको'ची स्थापना येथेच केली. परंतु पोलाद कारखान्यांना हवा असतो तो आय.टी.आय. अथवा पदविकाधारक तंत्रज्ञ आणि भट्टीवरील मजूर. कला शाखेच्या पदवीधरास तेथे फार तर कार्यालयीन काम मिळते. बियाणे क्षेत्राचे तसे नाही. जाफराबाद तालुक्यात व लगतच्या देऊळगाव राजा परिसरात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे बीजोत्पादन होते. वनस्पतिशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालेल्या मुलास परागीभवनाची देखरेख, प्लॉटची नोंद, शेतकऱ्याशी संवाद ही कामे करता येतात. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या या मुलाला हे ज्ञान अर्धे घरूनच मिळालेले असते. परंतु तो ते 'शिक्षणात' धरीत नाही, आणि आपणही धरीत नाही.

पॅकेज आणि हाती पडणारी रक्कम

ऑगस्ट २०२४ मध्ये कॉग्निझंट या माहिती-तंत्रज्ञान कंपनीने नवपदवीधरांसाठी वार्षिक २ लाख ५२ हजार रुपयांचे वेतन देऊ केल्यावरून समाजमाध्यमांवर बरीच टीका झाली. हा देकार अभियांत्रिकीच्या नव्हे, तर तीन वर्षांच्या पदवीधरांसाठी असून अभियंत्यांना वार्षिक ४ ते १२ लाख रुपये दिले जातात, असा खुलासा कंपनीने केला. महानगरातील टीकाकारांना हा खुलासा गौण वाटला असेल. आपल्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे, कारण आपल्या महाविद्यालयांतून बाहेर पडणारा विद्यार्थी नेमका याच गटातील आहे.

या रकमेचे विवरण वर्गात फळ्यावर करून दाखवावे. २,५२,००० भागिले १२ म्हणजे दरमहा २१,००० रुपये. विद्यार्थी येथेच थांबतो. वास्तविक पॅकेजमध्ये नियोक्त्याचा भविष्य निर्वाह निधीतील वाटा, उपदानाची तरतूद आणि कर्मचारी राज्य विम्याचा हिस्सा हे सारे धरलेले असते. मूळ वेतन निम्मे म्हणजे १०,५०० रुपये मानल्यास भविष्य निर्वाह निधीचा नियोक्त्याचा वाटा १२ टक्क्यांनी १,२६० आणि उपदानाची तरतूद सुमारे ५०५ रुपये होते. विम्याचा ३.२५ टक्के हिस्साही वजा केल्यावर एकूण वेतन सुमारे १८,६३० रुपये उरते. त्यातून कर्मचाऱ्याचा स्वतःचा भविष्य निर्वाह निधी १,२६०, विमा ०.७५ टक्के म्हणजे सुमारे १४० आणि व्यवसाय कर २०० रुपये कापला जातो. हाती पडतात ते साधारण १७,००० रुपये. (महिलांना दरमहा २५,००० रुपयांपर्यंत व्यवसाय कर नाही.) निर्वाह निधीची रक्कम बुडत नाही, ती साठते, हेही सांगणे आवश्यक आहे, अन्यथा 'पैसे कापणारी कंपनी' वाईट आणि काहीच न कापता बारा हजार रोख देणारा मालक चांगला, असा विपरीत निष्कर्ष निघतो. तो निघतोही.

पुण्यात कॉट बेसिसवर राहणे, मेस आणि प्रवास यांवर दहा हजार रुपये खर्च धरल्यास सतरा हजारांतून सात हजार उरतात. घरी राहून एस.टी.च्या पासवर जालन्यास जाणाऱ्याला बारा हजारांतूनही तेवढे उरू शकतात. म्हणून केवळ मोठा आकडा पाहून शहर निवडणे जसे अयोग्य, तसेच आज उरणारी रक्कम सारखी आहे म्हणून गावात थांबणेही अयोग्य. पाच वर्षांनी त्या कामाचे वेतन कोठे असेल, हा प्रश्न तेथे निर्णायक ठरतो. या बाबतीत अभियंत्यांचेही उदाहरण बोध घेण्याजोगे आहे : मोठ्या माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांतील सर्वसाधारण प्रवेशवेतन २००७ च्या सुमारास वार्षिक तीन लाखांच्या आसपास होते आणि त्यानंतरची अनेक वर्षे ते साडेतीन लाखांच्या आगेमागेच राहिले, त्या काळात महागाई मात्र दुपटीहून अधिक झाली.

प्रतीक्षेचे अर्थशास्त्र

ज्या वेतनाखाली व्यक्ती काम स्वीकारण्यास तयार नसते, त्यास अर्थशास्त्रात राखीव वेतन म्हणतात. जॉन हॅरिस व मायकेल टोडारो यांनी १९७० मध्ये स्थलांतराच्या संदर्भात दाखवून दिले, की माणूस प्रत्यक्ष वेतनाकडे नव्हे, तर वेतन आणि ते मिळण्याची शक्यता यांच्या गुणाकाराकडे पाहून निर्णय घेतो. आपल्याकडील स्पर्धा परीक्षार्थी या गुणाकारातील पहिली संख्या अचूक जाणतो. दुसरी जाणत नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले, म्हणजे दोनशेहून अधिक अर्जदारांमागे एक पद. तरीही प्रतीक्षा करणाऱ्यास अविचारी म्हणता येणार नाही. स्थिर वेतन, सामाजिक प्रतिष्ठा आणि (विशेषतः मुलांच्या बाबतीत) विवाहाचा प्रश्न या सर्वांचे मोल त्या एका पदात सामावलेले असते. चूक प्रयत्नात नसून प्रयत्नाला मुदत नसण्यात आहे. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या अहवालानुसार २५ वर्षांखालील पदवीधरांत बेरोजगारी ४२ टक्क्यांहून अधिक असून पस्तिशीनंतर ती पाच टक्क्यांखाली येते. अर्थात काम शेवटी मिळते. परंतु मधली दहा वर्षे अनुभवाविना गेलेला उमेदवार तिशीनंतरही त्याच नऊ-दहा हजारांच्या पायरीवर उभा राहतो.

ज्या कामाला किमान वेतनही मिळत नाही, त्याचा विचार वेगळा करावा लागेल. राज्यात किमान वेतनाचे दर परिमंडळानुसार व कौशल्यानुसार ठरतात आणि त्यांवरील विशेष भत्ता जानेवारी व जुलैमध्ये सुधारला जातो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रम संहितांनुसार नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे. तालुक्याच्या ठिकाणची दुकाने, खाजगी शाळा, संगणक वर्ग येथे नियुक्तिपत्र मागणारा पदवीधर विरळाच. येथे एक अप्रिय गोष्ट नमूद करणे भाग आहे. तासिका तत्त्वावर शिकविणारे आपले नेट-सेट उत्तीर्ण सहकारी उन्हाळ्यात विनावेतन असतात, हे विद्यार्थी पाहत असतात. आपल्या सल्ल्यापेक्षा ते दृश्य त्यांना अधिक शिकविते.

विद्यार्थिनींचा प्रश्न

मुलींच्या बाबतीत वरील सर्व हिशेब बदलतो. पुण्यास पाठविण्यास अनेक कुटुंबे राजी नसतात. त्यामुळे तिची बाजारपेठ म्हणजे सायंकाळी परतणाऱ्या एस.टी.च्या अंतरातील इंग्रजी शाळा, दवाखाना किंवा पतसंस्था. काम देणारे मोजके आणि मागणाऱ्या पुष्कळ, अशा स्थितीत वेतन तिच्या योग्यतेवरून ठरत नाही. तिला 'अपेक्षा कमी ठेव' असे सांगणे सोपे आहे. त्याऐवजी पालकांच्या सभेत भविष्य निर्वाह निधीसह सतरा हजार आणि घराजवळचे सहा हजार यांतील दहा वर्षांचा फरक मांडून दाखविल्यास काही घरांत तरी विचार बदलण्याची शक्यता आहे.

नोंद कशी ठेवावी

नॅकच्या मूल्यांकनासाठी आपण नोकरी लागलेल्या विद्यार्थ्यांची यादी करतो. ती यादी पुढील वर्षाच्या विद्यार्थ्यांना दाखवीत नाही. दाखवायची झाल्यास सरासरी दाखवू नये. नऊ जणांना दहा हजार व एकास साठ हजार मिळत असल्यास सरासरी पंधरा हजार येते, परंतु पंधरा हजार मिळविणारा त्यात एकही नसतो. मध्यक दहा हजारच राहतो, एन.आय.आर.एफ. क्रमवारीतही वेतनाचा मध्यकच मागविला जातो. यादीत पॅकेजसोबत हाती पडणारी रक्कम, कामाचे ठिकाण, निर्वाह निधी आहे किंवा नाही आणि एक वर्षानंतर विद्यार्थी त्याच कामावर आहे काय, एवढे चार रकाने वाढवावेत. शेवटचा रकाना भरण्यासाठी दूरध्वनी करावा लागेल, आणि तो विभागातील शिक्षकाने केल्यास विद्यार्थी खरे सांगतो.